सराफ्यातला भाव आणि वाचकाची वाट : सर्च इंजिनकडून प्रकाशकांकडे येणाऱ्या वाचकांचा इतिहास

जबलपूरच्या जुन्या शहरात, कमानिया गेट आणि कोतवालीच्या परिसरात, सराफा आहे. समजा, शहरातल्या एखाद्या मराठी घरात लग्न ठरले आहे आणि दागिने करायला टाकायचे आहेत. पूर्वी घरातले कर्ते माणूस सराफ्यात एक फेरी मारून भाव विचारून येत असे, किंवा सकाळच्या वर्तमानपत्रातला बाजारभावाचा रकाना बघत असे. आज घरातली मुलगी मोबाइलवर ‘आजचा सोन्याचा भाव जबलपूर’ असे लिहिते. पडद्यावर दुव्यांची एक यादी येते. त्यातल्या एका दुव्यावर तिने बोट ठेवले, तर एखाद्या वर्तमानपत्राच्या वेबसाइटला एक वाचक मिळतो. कधी कधी भावाचा आकडा यादीच्या वरच छापलेला दिसतो. मग ती कुठेच जात नाही.

या पाठाचा विषय एवढाच आहे : ते बोट दुव्यावर पडणे आणि न पडणे. सर्च इंजिनने आपल्या पानावरून दुसऱ्याच्या वेबसाइटवर पाठवलेल्या वाचकांना व्यवसायात ‘रेफरल ट्रॅफिक’ म्हणतात. गेल्या पंचवीस वर्षांत हा ओघ कसा वाढला, कुठे वळला आणि आता का आटू लागला आहे, हे आपण पाहणार आहोत. हा विषय संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा आहे असे तुम्हाला वाटेल. पण छापखाना, टपाल आणि रेल्वे यांचा इतिहास जो अभ्यासतो, त्याला यात बऱ्याच ओळखीच्या खुणा सापडतील. म्हणून सुरुवात थोडी मागून करू.

टपालाची वाट

वर्तमानपत्र काढणे आणि ते वाचकाच्या हातात पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा छापखाना होता, संपादक होता. दूरच्या गावी अंक स्वस्तात पोहोचवणारी यंत्रणा मात्र नव्हती. ती १८५४ नंतर उभी राहिली. त्या वर्षीच्या टपाल कायद्याने अंतराचा विचार न करता वजनावर ठरणारा एकच दर देशभर लागू झाला. पुढे १८७० साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुंबईकडून येणारा मार्ग जबलपूरला पोहोचला आणि अलाहाबादहून तिथे तीन वर्षे आधीच येऊन थांबलेल्या ईस्ट इंडियन रेल्वेच्या फाट्याला मिळाला. मुंबई आणि कलकत्ता रुळांनी जोडली गेली ती जबलपुरात. त्या सांध्यावरचे हे शहर छापील मजकुराच्याही वाटेवर आले.

या वाटेचे महत्त्व मराठी माणसांनी लवकर ओळखले. दमोह जिल्ह्यातल्या पथरिया इथे जन्मलेले माधवराव सप्रे मराठी घरातले, पण त्यांनी आयुष्यभर हिंदी पत्रकारिता केली. १९०७ मध्ये त्यांनी नागपूरहून ‘हिंदी केसरी’ काढला. पुण्याच्या ‘केसरी’तला विचार मराठी न वाचणाऱ्या प्रांतांत पोहोचवणे हा त्याचा हेतू होता. १९२० मध्ये जबलपुरातूनच निघालेल्या ‘कर्मवीर’मागेही सप्रे उभे होते, त्याचे संपादक माखनलाल चतुर्वेदी. ही पत्रे गावोगावच्या वर्गणीदारांकडे टपालाने जात.

आता एक तपशील नीट लक्षात ठेवा, कारण पुढे तो कामाला येणार आहे. १८९८ च्या टपाल कायद्यात ‘नोंदणीकृत वर्तमानपत्र’ कशाला म्हणायचे याच्या अटी दिल्या होत्या. अंकांमध्ये ३१ दिवसांपेक्षा जास्त अंतर नसावे, मजकूर मुख्यतः बातम्यांचा किंवा त्यांवरील लेखांचा असावा, आणि खऱ्याखुऱ्या वर्गणीदारांची यादी असावी. या अटी पाळल्या तर टपालाचा सवलतीचा दर मिळे. म्हणजे वाट ज्याच्या ताब्यात, तो मजकुराचा आकारही काही प्रमाणात ठरवत होता. नियतकालिक नियमित का निघते, याचे एक साधे उत्तर टपालाच्या दरपत्रकात आहे.

रेल्वे फलाटावरचा पुस्तकांचा स्टॉलही असाच एक दरवाजा. अलाहाबादला १८७७ मध्ये स्थापन झालेल्या ए. एच. व्हीलर कंपनीने १८८८ मध्ये ‘इंडियन रेल्वे लायब्ररी’ ही एक रुपयाच्या पुस्तकांची माला काढली. रुडयार्ड किपलिंगच्या कथा तिच्यात आल्या. प्रवासात वाचून संपतील अशी आटोपशीर पुस्तके, कारण विकायची जागा फलाट होती.

टपालखाते काही साधुसंत नव्हते. १९१० च्या प्रेस कायद्याने संशयित मजकूर अडवून ठेवण्याचा अधिकार टपाल अधिकाऱ्यांना दिला आणि तो वापरलाही गेला. पण दोन गोष्टी टपालाच्या बाजूने सांगता येतात. त्याचा दर छापलेला होता, आणि तो दर सगळ्यांना सारखा होता. आणखी एक, पोस्टमन अंक वाचून त्याचा सारांश दारात सांगत नसे.

अक्षर दिसते, पण सापडत नाही

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले. त्याच वर्षी राजेश जैन यांनी ‘इंडियावर्ल्ड’ काढले. त्यांच्या कुटुंबातली दोन संकेतस्थळे आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. ‘खोज’ ही भारतीय वेबसाइटांची सूची होती आणि ‘समाचार’ हे निरनिराळ्या वर्तमानपत्रांच्या बातम्यांचे दुवे एका जागी देणारे पान होते. परदेशातला भारतीय वाचक सकाळी ‘समाचार’ उघडे आणि तिथून हव्या त्या वर्तमानपत्राकडे जाई. दुसऱ्याच्या बातमीकडे बोट दाखवून आपल्याकडे गर्दी जमवता येते, हे भारतात गूगलच्या आधी सिद्ध झाले होते. नोव्हेंबर १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेने इंडियावर्ल्ड ४९९ कोटी रुपयांना विकत घेण्याचा करार केला, तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या. नुसत्या वाटा दाखवण्याला एवढी किंमत?

मराठी वर्तमानपत्रे २००० च्या आसपास इंटरनेटवर आली खरी, पण एका विचित्र अवस्थेत. वाचकाला मराठी दिसत होते, यंत्राला नाही. कारण त्या काळचे देवनागरी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागेवर देवनागरी चित्रे बसवत. हिंदी टंकलेखनात सर्रास वापरला जाणारा ‘कृतिदेव’ घ्या. त्यात ‘भाव’ हा शब्द संगणकाच्या दृष्टीने इंग्रजीतली एच, के, के, ओ ही चार अक्षरे असतो. ‘सोने’ म्हणजे एल, के, एस, यू, एस. फॉन्ट असेल तर पडद्यावर सोने दिसते. नसेल तर कचरा. आणि सर्च इंजिनला फॉन्ट दिसतच नाही, त्याला फक्त ती इंग्रजी अक्षरे दिसतात. शिवाय प्रत्येक वर्तमानपत्राचा फॉन्ट वेगळा, म्हणून एकाच शब्दाची गुप्त लिपी प्रत्येक ठिकाणी वेगळी.

याचा परिणाम काय झाला असेल याचा विचार करा. हजारो मराठी बातम्या रोज प्रसिद्ध होत होत्या, पण शोधून सापडत नव्हत्या. वाचक यायचा तो वेबसाइटचा पत्ता पाठ असलेला, किंवा कुणाच्या ईमेलमधून आलेला. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून जागा होती, विंडोज २००० मध्ये तिची सोयही आली. तरी वर्तमानपत्रांचे पान लावण्याचे सॉफ्टवेअर जुन्या फॉन्टवर चालत असल्याने बदल सावकाश झाला. वाचकांनी चालवलेली स्थळे आणि मराठी विकिपीडिया (सुरुवात २००३) या बाबतीत अनेक व्यावसायिक प्रकाशकांच्या पुढे होती. हौशी माणसाला जुन्या यंत्रणेचे ओझे नसते.

युनिकोड आल्यावरही मराठीचा एक स्वतःचा प्रश्न उरला. आपला शब्द विभक्ती लागली की रूप पालटतो. ‘सराफा’ शोधणाऱ्याला ‘सराफ्यात’, ‘सराफ्याचा’, ‘सराफ्यातून’ असलेली पानेही मिळायला हवीत, पण यंत्राला ही सगळी एकाच घरातली माणसे आहेत हे शिकवावे लागते. त्यात अनेक वाचक मराठी शब्द रोमन लिपीत लिहून शोधतात. आणि जबलपूरसारख्या शहरात आणखी एक गुंता : १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, त्यानंतर नागपूर मुंबई राज्यात गेले आणि जबलपूर मध्य प्रदेशात राहिले. सर्च इंजिन वाचकाचे ठिकाण आणि फोनची भाषा यांचा अंदाज घेऊन निकाल लावते. ‘सराफा भाव’ हे दोन शब्द हिंदीतही तेच आणि मराठीतही तेच. जबलपुरातून ते लिहिले, तर यंत्राने कोणत्या भाषेची पाने पुढे करावीत? प्रांताची सीमा पत्राच्या पाकिटाला कधी आडवी आली नव्हती.

एक चुकलेले स्पेलिंग

वाचक कुठून आला हे वेबसाइटला कळते कसे? तुम्ही दुव्यावर टिचकी दिली की तुमचा ब्राउझर नव्या वेबसाइटला पान मागताना, आधी तुम्ही कोणत्या पानावर होता याची नोंद सोबत पाठवतो. या नोंदीचे नाव ‘रेफरर’. इंग्रजीत या शब्दाच्या मध्ये दोन ‘आर’ हवेत. १९९० च्या दशकात वेबचे नियम लिहिताना एक गळला, आणि १९९६ च्या अधिकृत दस्तऐवजातही तसाच राहिला. आजही जगातला प्रत्येक ब्राउझर ती चूक निष्ठेने पाळतो.

सुरुवातीला या नोंदीत वाचकाने शोधलेले शब्दही येत. म्हणजे संपादकाला नुसते ‘गूगलवरून ४०० वाचक आले’ एवढेच नव्हे, तर त्यांनी काय विचारले होते हेही कळत असे. वाचकाच्या मनातला प्रश्न त्याच्याच शब्दांत समजणे, हे टपालाच्या काळातल्या कोणत्याही संपादकाला मिळाले नव्हते. ऑक्टोबर २०११ पासून गूगलने हे शब्द लपवायला सुरुवात केली. आधी लॉगइन केलेल्यांसाठी, दोनेक वर्षांत जवळजवळ सर्वांसाठी. कारण दिले गेले वाचकाच्या खासगीपणाचे, आणि ते कारण खोटे नव्हते. पण परिणाम असा, की ही माहिती आता प्रकाशकाला गूगलच्याच खिडकीतून, गूगल देईल तेवढी बघावी लागते.

भरतीची वर्षे

गूगल १९९८ चे. त्याची मूळ कल्पना, ज्या पानाकडे इतर पाने बोट दाखवतात ते पान वजनदार मानायची, ही विद्वानांच्या जगातून आलेली होती. सप्टेंबर २००२ मध्ये ‘गूगल न्यूज’ आले आणि २००३ मध्ये ‘ॲडसेन्स’. ॲडसेन्समुळे छोट्या प्रकाशकालाही जाहिरात मिळवण्यासाठी माणसे नेमायची गरज राहिली नाही. पानावर थोडा कोड बसवला की जाहिराती आपोआप येत. आता साखळी पूर्ण झाली. सर्च इंजिन वाचक पाठवते, वाचक पान उघडतो, पानावर जाहिरात दिसते, जाहिरातीचे पैसे दोघांत वाटले जातात. वाचक दुसरीकडे पाठवण्यातच सर्च इंजिनचाही फायदा होता. भरतीचे कारण हे होते, आणि ओहोटीचे कारणही इथेच शोधायचे आहे.

भारतीय भाषा या साखळीत उशिरा आल्या. ॲडसेन्समध्ये हिंदी २०१४ च्या डिसेंबरात आली, मराठी त्यानंतर काही वर्षांनी. तोवर मराठी पानावर वाचक कितीही आले, तरी या मार्गाने त्यांचे पैसे होणे कठीण होते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि मोबाइल डेटा स्वस्त झाला. पुढच्या वर्षी केपीएमजी आणि गूगल यांच्या अहवालाने सांगितले, की भारतीय भाषांतून इंटरनेट वापरणारे २३ कोटी ४० लाख लोक आहेत, म्हणजे इंग्रजीतून वापरणाऱ्यांहून जास्त. मराठी दैनिकांनी वेब विभाग वाढवले ते या काळात.

आणि मजकूर बदलू लागला. टपालाच्या ३१ दिवसांच्या अटीची आठवण इथे ठेवा. वाचक जे शब्द लिहून शोधतो, तेच शब्द मथळ्यात असले तर पान वर येण्याची शक्यता जास्त. म्हणून मथळा प्रश्नासारखा झाला : आजचा सोन्याचा भाव काय, दहावीचा निकाल कुठे पाहाल, अमुक योजनेसाठी कोणती कागदपत्रे लागतील. शहरागणिक सोन्याच्या भावाचे वेगळे पान रोज निघू लागले. सराफ्यात कधी पाऊल न टाकलेला उपसंपादक मुंबईत किंवा नोएडात बसून जबलपूरच्या भावाचे पान तयार करू शकतो. त्याला हसणे सोपे आहे, पण अशा पानांवरच्या जाहिरातींतून दुष्काळाची किंवा न्यायालयाची बातमी आणणाऱ्या वार्ताहराचा पगार निघत होता, हेही विसरू नका. छापील वर्तमानपत्रात छोट्या जाहिरातींनी जे काम केले, ते इथे बाजारभावाने केले.

या सेवेची ‘हुंडणावळ’ काय होती? जुना सराफ एका गावाची रक्कम दुसऱ्या गावी हुंडीने पोहोचवे आणि त्याबद्दल हुंडणावळ घेई. ती किती, हे व्यवहाराआधी ठरे. सर्च इंजिनने प्रकाशकाकडून असे काही मागितले नाही. किंमत दुसऱ्या मार्गाने वसूल झाली, आणि ती किती हे आधी कुणालाच कळत नसे. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने ‘पांडा’ नावाचा बदल केला आणि कमी दर्जाचा ठरवलेला मजकूर एका फटक्यात यादीत खाली गेला. त्याच ऑगस्टमध्ये तो बहुतेक भाषांना लागू झाला. अशा बदलांनंतर एखाद्या वेबसाइटचा वाचक एका रात्रीत घटू शकतो. बदल चांगल्यासाठीही असू शकतो. पांडाने बरीच भंगार पाने खाली ढकलली. पण दरपत्रक छापलेले नव्हते, हा फरक राहतोच.

मध्यंतरी दुसरा दरवाजा उघडला होता. २०१५ च्या सुमारास पार्सली या विश्लेषण कंपनीच्या पाहणीतल्या प्रकाशकांना गूगलपेक्षा फेसबुककडून जास्त वाचक येऊ लागले होते. जगभरच्या वृत्तसंस्थांनी फेसबुकसाठी माणसे नेमली, व्हिडिओ केले. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने मित्र आणि कुटुंबीयांच्या मजकुराला प्राधान्य देण्याचे जाहीर केले आणि तो ओघ ओसरला. त्याच वर्षी गूगलने ‘डिस्कव्हर’ पुढे आणले. यात वाचक काही विचारतच नाही. फोनच यंत्राच्या अंदाजाने बातम्या पुढे करतो. व्यवसायातले लोक सर्च आणि डिस्कव्हर यांची बेरीज करून ‘गूगलचे वाचक’ म्हणतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ती बेरीज करू नये. विचारून आलेला आणि न विचारता पाठवलेला, हे दोन वेगळे वाचक आहेत.

उत्तर पानावरच

२०१२ मध्ये गूगलने ‘नॉलेज ग्राफ’ आणला. नदीची लांबी, नेत्याची जन्मतारीख असल्या गोष्टी यादीच्या बाजूच्या चौकटीत दिसू लागल्या. पुढे एखाद्या पानातला उताराच उचलून वर दाखवण्याची पद्धत आली. हवामान, क्रिकेटचा धावफलक, चलनाचा दर, सगळे वरच. २०१९ मध्ये स्पार्कटोरोचे रँड फिशकिन यांनी अमेरिकेतल्या आकडेवारीवरून दाखवले, की गूगलवरच्या निम्म्याहून थोड्या अधिक शोधांत वाचक कुठल्याच दुव्यावर जात नाही. शोधांची संख्या वाढत होती, म्हणून प्रकाशकाकडे येणाऱ्यांचा एकूण आकडा लगेच कोसळला नाही. बदल लक्षात यायला वेळ लागला तो यामुळे.

मग यंत्राने स्वतःच लिहिलेला सारांश आला. ‘एआय ओव्हरव्ह्यू’ मे २०२४ मध्ये अमेरिकेत आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात इंग्रजी व हिंदीत सुरू झाले. प्यू संशोधन केंद्राने मार्च २०२५ मधल्या सुमारे ९०० अमेरिकी प्रौढांच्या वापराची पाहणी केली. सारांश नसलेल्या निकालपानांवर १५ टक्के वेळा लोकांनी नेहमीच्या दुव्यावर टिचकी दिली. सारांश असेल तिथे हे प्रमाण ८ टक्के. सारांशात दिलेल्या मूळ स्रोताच्या दुव्यावर जाणारे १ टक्का. हे आकडे अमेरिकेचे आहेत, मराठी वाचकाला ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. दिशा मात्र स्पष्ट आहे. वाचकाला आपल्याच पानावर थांबवण्यात सर्च इंजिनला आता जास्त रस आहे. पोस्टमन दारात उभा राहून अंकाचा सारांश सांगू लागला आहे, आणि बहुतेकांना तेवढे पुरते.

सगळ्या मजकुराचे नुकसान सारखे होत नाही, इकडे लक्ष द्या. ज्याचे उत्तर एका आकड्यात मावते ते पान पहिले जाते. सोन्याचा भाव त्यातला अगदी नमुना.

दार बंद करून पाहिले, तेव्हा

प्रकाशक गप्प बसले नाहीत. २०१४ मध्ये जर्मनीच्या ॲक्सेल श्प्रिंगर या बलाढ्य समूहाने आपल्या काही वेबसाइटांच्या बातम्यांचे उतारे गूगलवर दाखवू द्यायचे नाहीत असे ठरवले. दोन आठवड्यांत गूगल सर्चकडून येणारे वाचक सुमारे ४० टक्के आणि गूगल न्यूजकडून येणारे ८० टक्के घटले. समूहाने माघार घेतली. त्याच डिसेंबरात स्पेनमध्ये, उताऱ्यांबद्दल पैसे देण्याची सक्ती करणारा कायदा झाल्याने, गूगलनेच गूगल न्यूज बंद केले. ते २०२२ मध्ये परतले. ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये वाटाघाटींची सक्ती करणारा कायदा केला. कॅनडाने २०२३ मध्ये तसाच प्रयत्न केला, तेव्हा फेसबुकच्या कंपनीने तिथे बातम्याच दाखवणे बंद केले आणि गूगलने वर्षाला १० कोटी कॅनेडियन डॉलर द्यायचे मान्य केले.

भारतात प्रश्न स्पर्धा आयोगापुढे गेला. आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्येच, भारत मॅट्रिमोनी आणि एका ग्राहक संघटनेच्या जुन्या तक्रारीवरून, शोधनिकालांतल्या पक्षपाताबद्दल गूगलला १३५ कोटी ८६ लाखांचा दंड केला होता. पुढे मोठ्या वृत्तसमूहांच्या डिजिटल न्यूज पब्लिशर्स असोसिएशनने तक्रार केली. वृत्तसंकेतस्थळांचे निम्म्याहून अधिक वाचक सर्च इंजिनमार्गे येतात आणि जाहिरातीच्या उत्पन्नाची वाटणी कशी होते हे प्रकाशकाला कळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ७ जानेवारी २०२२ रोजी आयोगाने चौकशीचा आदेश दिला.

माझे मत विचाराल तर, या तक्रारीतला पैशाचा भाग दुय्यम आहे. मोठ्या समूहांना वाटाघाट करता येते. ज्याच्याकडे वकील नाही, संघटना नाही, अशा तालुक्याच्या साप्ताहिकाचे काय? टपालाचा सवलतीचा दर ‘केसरी’ला होता तोच कुठल्याही नोंदणीकृत पत्राला होता. आजच्या करारांत तसे काही नाही.

या इतिहासाची साधने

शेवटी एक अडचण, जी तुमच्या पिढीला जास्त छळणार आहे. एकोणिसाव्या शतकातल्या वर्तमानपत्रांचा अभ्यास करताना आपल्याला अंक मिळतात, सरकारी अहवाल मिळतात, कधी वर्गणीदारांच्या यादीही मिळतात. रेफरलची नोंद कुठे आहे? गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये प्रकाशकाला मागचे १६ महिनेच दिसतात. गूगल ॲनालिटिक्सच्या जुन्या आवृत्तीने १ जुलै २०२३ पासून नोंद घेणे थांबवले आणि वर्षभराने जुनी आकडेवारी पाहण्याची सोयही काढून घेतली. ज्या वेबसाइटांनी ती वेळेत उतरवून ठेवली नाही, त्यांचा दहा-पंधरा वर्षांचा वाचक-इतिहास गेला. वेबसाइटांची क्रमवारी देणारी अलेक्सा सेवा मे २०२२ मध्ये बंद झाली. पेशवे दफ्तरातले कागद वाळवीने खाल्ले म्हणून आपण हळहळतो. इथे वाळवीचीही गरज पडली नाही.

तुमच्या गावात एखादे साप्ताहिक किंवा छोटी वृत्तवेबसाइट चालत असेल, तर तिच्या संपादकांना भेटा. त्यांच्याकडे सर्व्हरच्या जुन्या नोंदी, महिन्याचे अहवाल, छापून ठेवलेले तक्ते आहेत का ते विचारा. २०१८ ची एक फाइल जरी हाती लागली, तरी ती प्राथमिक साधन म्हणून वापरता येते. त्या फाइलमध्ये पाहताना तीन ओळी वेगळ्या काढा : सर्चवरून आलेले, समाजमाध्यमांवरून आलेले आणि थेट पत्ता टाकून आलेले. थेट येणारे म्हणजे आजचे वर्गणीदार. त्यांची संख्या लहान असते, पण महिन्यामागून महिने फारशी हलत नाही.

आणि जबलपूरला गेलात, तर सराफ्यात एक प्रयोग करून बघा. फोनवर त्या दिवसाचा भाव शोधा. तो कुठल्या वेबसाइटचा आहे, की कुणाचेच नाव नसलेला आहे, ते टिपून ठेवा. मग दोन-तीन दुकानांत विचारा. इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशन रोज जाहीर करते तो दर, त्यावरचा ३ टक्के जीएसटी, दागिन्याची शुद्धता, घडणावळ, जुने सोने मोडीत दिले तर धरली जाणारी घट, असे करत पडद्यावरचा आकडा आणि दुकानदाराने चिठ्ठीवर लिहून दिलेला आकडा यांत फरक पडत जाईल. हा फरक का पडला, हे त्या शहरातला एखादा वार्ताहर सराफ्यात उभा राहून लिहू शकतो.